सल्ला: आजीची भाकर माझ्या डायट चार्टात बसत नाही, शिक्षण सोडू का?

पत्र

ताई, मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली. नागपूरला आहारशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते, दुसऱ्या वर्षाला आहे. बायोकेमिस्ट्रीत एटीकेटी लागली. बारावीपर्यंत पुस्तक इंग्रजी असलं तरी सर मराठीत समजावून सांगायचे, इथे सगळं इंग्रजीतच चालतं. दिवाळीला घरी आले तर शेजारची काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "सैपाक शिकाले नागपूरले काऊन जा लागते वं?" आजीला पाच-सहा वर्षांपासून शुगर आहे. तिच्यासाठी मी चार्ट केला: सकाळी ओट्स, जेवणात दोन भाकरी, सॅलड, संध्याकाळी ब्राऊन ब्रेड. दोनच दिवसांत ती चिडली. बाबांना म्हणाली, "माह्या भाकरीवर डोया ठेवते पोट्टी." पुस्तकात आमच्या गावाचं काहीच नाही, असं वाटायला लागलंय. यंदा बाबांचा कापूस पावसात भिजला. मेसचे पैसे देताना त्यांचा चेहरा बघवत नाही. तालुक्याला एक बाई वजन कमी करायचं सेंटर चालवतात, शेक विकतात. त्या म्हणतात डिग्री लागत नाही, माझ्यासोबत ये. आई म्हणते नर्सिंगला जा. की घरी बसून दूरस्थ पद्धतीनं पदवी पूर्ण करू? आणि उरलेल्या सुट्टीत काय करू?
— दिवाळीला घरी आलेली

उत्तर

पोरी, शिक्षण सोडू नकोस. एटीकेटी एका विषयात आहे. आणि आजी आहारशास्त्रावर चिडलेली नाही, तुझ्या चार्टावर चिडली आहे. तो चार्ट खरंच चुकला होता. कुठे चुकला ते आधी बघू, कारण तुझ्या बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

तू 'दोन भाकरी' लिहिलंस. किती ग्रॅम पिठाच्या? वर्गात एक्सचेंजचा तक्ता, म्हणजे कोणत्या अन्नाचा केवढा भाग सारख्या कॅलरीचा हे सांगणारा, शिकवला असेल. बहुतेक तक्त्यांत धान्याचा एक भाग म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास कोरडं धान्य आणि साधारण १०० कॅलरी. शहरातला पातळ फुलका या हिशेबात बसतो. आता तुझ्या आईच्या परातीकडे बघ. एका भाकरीसाठी ती पिठाचा जो गोळा मळते आणि वर थापताना जे पीठ घेते, ते मिळून ८०-९० ग्रॅम सहज भरतं. वावरात जाणाऱ्या माणसासाठी केलेली भाकर याहूनही जाड असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यात १०० ग्रॅम ज्वारीला सुमारे ३३४ कॅलरी दिल्या आहेत. म्हणजे ९० ग्रॅमची एक भाकर ३०० कॅलरीची. तू मनात दोनशे कॅलरी धरून दोन भाकरी लिहिल्यास. आजीनं तुझा शब्द तंतोतंत पाळला असता तरी तिच्या पोटात सहाशे गेल्या असत्या. वर तुझे ओट्स आणि ब्रेड वेगळेच.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा थोडा वेळ मागून आण. आई भाकरी करायला बसायच्या आधी पिठाचा डबा तोल, सगळ्या भाकरी झाल्या की परत तोल. जो फरक येईल त्याला भाकरींच्या संख्येनं भाग. थापताना वापरलेलं पीठही त्यात आपोआप येतं. परातीत शिल्लक राहिलेलं पीठ मात्र डब्यात परत टाकायला विसरू नकोस, नाहीतर आकडा फुगतो. आणि हे काम आजी जेवायला बसलेली असताना करू नकोस. तिच्या ताटाशी काटा घेऊन बसलीस तर ती डोया ठेवते म्हणेल, आणि तिचं म्हणणं खरं असेल. वाटी, वरणाचा डाव, तेलाची पळी हेही असंच एकेकदा मोजून ठेव. प्रॅक्टिकलच्या वहीत कुणाकडेच नसतील असे तुझ्या घरचे आकडे तुझ्याजवळ येतील. रुग्णालयात रुग्ण "दोन भाकरी खातो" म्हणाला की "कोणत्या गावची, घरात कोण थापते" हे विचारायची सवय मला अशाच मोजण्यातून लागली.

आता ओट्स. ते वाईट नाहीत, त्यात विरघळणारा तंतू असतो. पण ज्या घरात ज्वारीची कणगी आहे, तिथे विकतचं पाकीट कशाला? १०० ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू आणि तितकीच प्रथिनं आहेत. तुरीच्या डाळीत प्रथिनं वीस ग्रॅमच्या वर जातात. ज्वारीत लायसिन हा प्रथिनातला एक आवश्यक घटक कमी पडतो, डाळ तो भरून काढते. भाकर-वरण, चून-भाकर हे खाणं इतकी वर्षं टिकलं, त्याचं एक कारण हे आहे. पण ज्वारीला अमृत समजून तिची आरतीही करू नकोस. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा (नियासिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) का दिसतो, याचा शोध हैदराबादलाच सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास घेतला होता, आणि त्यांचं बोट ज्वारीतल्या ल्युसिन या प्रथिनघटकाकडे गेलं. मधुमेहातही भाकर शेवटी पिष्टच. तुझ्या चार्टात भाकर हवीच, फक्त किती हे ठरव, आणि सोबत काय हे त्याहून नीट ठरव. पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, जवसाची चटणी. दोन भाकरींवरून एकदम एकीवर आणू नकोस. दीडवर ये, महिनाभर थांब, शुगर तपासून घे, मग पुढचं.

आजीच्या चिडण्याबद्दल एक गोष्ट मनात ठेव. तू दिवाळीत चार्ट काढलास. घरात चकल्या, अनारसे, करंज्या तळल्या जातायत, नातवंडं खातायत, आणि तिच्या पुढ्यात कागद. शिवाय ती ७२ सालच्या दुष्काळातून गेलेल्या पिढीची असेल. रेशनची लाल मिलो (परदेशी ज्वारी), कामावर वाटलेली सुकडी हे ज्यांनी पाहिलंय त्यांना 'भाकर कमी कर' हे वाक्य वेगळं ऐकू येतं. म्हणून आधी तिला सांगू नकोस, विचार. चोवीस तासांच्या आहाराची नोंद शिकवली ना? तीच घे, पण फॉर्म हातात न धरता. "काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं" असं विचारत जा. चहा किती वेळा, साखर कोण टाकतं, सोबत टोस्ट का, मंदिरात प्रसाद होता का, शेजारी कुणी काही दिलं का. अशा बोलण्यात बहुतेक घरांत भाकरीच्या आधी चहाची साखर सापडते. ती कमी करायला आजी भांडणार नाही. मान न दुखवता जे कमी होतं, ते आधी कमी कर.

आणि तिच्या गोळ्यांना हात लावू नकोस. खाणं बदललं की डोस बदलावा लागू शकतो, ते डॉक्टर ठरवतील. तुझं काम इतकंच, की तिचं खरं खाणं डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.

इथेच तुझी बायोकेमिस्ट्री येते. आजी एकादशी धरते का? मधुमेहाच्या काही गोळ्या, सल्फोनिलयुरिया गटातल्या, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. उपाशी पोटी यकृत आधी साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मोडतं, मग दुसऱ्या पदार्थांपासून नवं ग्लुकोज तयार करतं. गोळीमुळे वाढलेलं इन्सुलिन या दोन्ही कामांना खीळ घालतं. मग दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. संध्याकाळी फराळाला साबुदाण्याची खिचडी, जो साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट, आणि साखर वरच्या टोकाला. हा एक दिवस तू कागदावर तासातासानं मांडलास, की ग्लायकोजेनोलिसिस, ग्लुकोनिओजेनेसिस, इन्सुलिन, त्याच्या उलट साखर वाढवणारं ग्लुकॅगॉन हे सगळे शब्द आपोआप जागेवर बसतात. घोकून येणारा हा विषय नाही. एका माणसाच्या शरीराला तो बांधला की येतो. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी लिही, उजव्या पानावर तेच आपल्या बोलीत, आईला सांगितल्यासारखं. आईला खरंच सांग. तिनं "म्हंजे?" विचारलं आणि तू अडखळलीस, तिथे तुला तो भाग आलेला नाही असं समज. परीक्षेसाठी विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडव, उत्तरं इंग्रजीतच लिहायचा सराव कर. भाषेची भीती वर्षभरात जाते. खेड्यातून आलेल्या मुलींची ती जाताना मी पाहिली आहे.

पुस्तकात गाव नाही, हे मात्र मला मान्य नाही. तुझ्या पुस्तकात लॅथिरिझम आहे. तो आजार ज्या लाखोळीमुळे होतो, ती भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या ओल्या बांधीत पेरली जाते. कोरडवाहू माणसाला बिनखर्चाची डाळ. तीच महिनोन्महिने मुख्य अन्न झाली की पाय लुळे पडायची भीती, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुस्तकात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, आणि विदर्भात तो बऱ्याच घरांत भेटतो. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. त्यामुळे बाई फिकट दिसली की लोहाची गोळी, अशी सवय सगळ्यांनाच लागते. पण सिकलसेलच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलंय, त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं. त्याला डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांच्या उन्हात पाणी कमी पडलं की त्याची दुखणी उसळतात. हे सगळं मुंबईच्या विद्यार्थिनीला पाठ करावं लागेल. तुला आठवावं लागेल.

आहाराचा विचार शहरातून खेड्यात आला, असंही समजू नकोस. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. तिथल्याच मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांच्यावर काम करत होते, आणि पुढे सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमातही ताटात काय असावं याचे प्रयोग चालले. घाटंजीहून वर्धा लांब नाही. एकदा मगन संग्रहालय बघून ये.

काकूंना उत्तर द्यायचंच असेल तर आपल्या बोलीत दे: "काकू, सैपाक तुमीच शिकवा. कोणाच्या दुखण्यात काय न् किती द्याचं, ते मी शिकते." पुढच्या खेपेला तीच काकू आपल्या बीपीचा कागद घेऊन येईल.

आता नोकरीचं, आणि इथे तुला स्पष्ट ऐकावं लागेल. नुसत्या बी.एस्सी.वर मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून उभं राहणं कठीण आहे. त्यापुढे एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका, रुग्णालयातली इंटर्नशिप, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा, हा रस्ता आहे. २०२१ च्या कायद्यानं आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग झाला आणि त्यात आहारतज्ज्ञ आले. त्यामुळे नोंदणीचे आणि अभ्यासक्रमाचे नियम बदलतायत. आपली पदवी त्यात कशी बसते, हे विभागप्रमुखांना आत्ताच विचारून ठेव. याच कारणानं दूरस्थचा विचार डोक्यातून काढ. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवणं बंद केलं, त्यात अन्न आणि पोषणशास्त्र आहे. होस्टेलचे पैसे वाचवायला गेलीस आणि पदवीचा उपयोगच उरला नाही, असं व्हायला नको. बारावीच्या ज्या मुली हे वाचत असतील त्यांनीही बघून घ्यावं: बी.ए.ला गृहअर्थशास्त्र घेणं आणि आहारशास्त्रात बी.एस्सी. करणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीवरून रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाच्या कामापर्यंत सहसा पोचता येत नाही. प्रवेश घेतल्यावर हे कळून रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

खाजगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार कमी असतो, हेही आत्ताच समजून घे. पण काम नागपुरातच आहे असं नाही. सेवाग्राम, सावंगीसारखी मोठी रुग्णालयं आपल्याच भागात आहेत. जिल्ह्यांत पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत, जिथे तीव्र कुपोषित मुलाला आईसोबत ठेवून उपचारी दुधापासून हळूहळू घरच्या अन्नावर आणतात. मेळघाट आणि गडचिरोलीत हे काम शिकलेली मुलगी कुठेही कमी पडत नाही. एकात्मिक बालविकास योजनेत मुख्य सेविका, पुढे स्पर्धा परीक्षेतून बालविकास प्रकल्प अधिकारी, याही वाटा आहेत. जाहिरात निघाली की पात्रतेची ओळ नीट वाच.

आईला नर्सिंग वाटतं, त्यात तिचं चुकत नाही. त्यात नोकरी लवकर लागते. पण तू पत्रात नर्सिंगबद्दल एक ओळही स्वतःच्या मनाची लिहिली नाहीस. आजीच्या चार्टावर मात्र किती ओळी लिहिल्यास.

शेकवाल्या बाईंना नम्रपणे नाही म्हण. असल्या धंद्यात बहुधा आधी तुलाच माल विकत घ्यावा लागतो, मग तो नातलगांच्या गळ्यात मारायचा. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. तिथे येणाऱ्या बायकांत कुणाला मधुमेह असतो, कुणाचं क्रिएटिनिन वाढलेलं असतं (मूत्रपिंड नीट काम करत नसल्याची खूण), आणि प्रथिनांची पावडर देताना ते कुणी विचारत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या बाईला किती प्रथिनं चालतील, हा हिशेब तू पुढे डाएट थेरपीत शिकशील. ते शिकल्यावर जे करायला तुझा हात धजणार नाही, ते न शिकता करू नकोस.

पैशांचं पटकन सांगते. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आपल्याला लागू आहे का, ते कॉलेजच्या ऑफिसात बसून तपासून घे. मुलींच्या शुल्कमाफीचा २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तुझा अभ्यासक्रम त्यात मोडतो का ते विचार. 'कमवा आणि शिका' योजना तुमच्याकडे असेल तर तिथेही नाव दे. बाबांशी एकदा आकड्यांनिशी बोल: वर्षाचा खर्च इतका, त्यातले इतके सरकारकडून. आकडा समोर असला की त्यांचाही जीव थोडा खाली बसेल.

उरलेल्या सुट्टीत एक सकाळ गावातल्या अंगणवाडी ताईंकडे जा, आधी विचारून. वजन-उंची कशी घेतात ते बघ. दंडघेराची पट्टी हातात घे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आकडा आला तर ते मूल तीव्र कुपोषित. पट्टी फार आवळली तर आकडा कमी येतो, सैल सोडली तर जास्त, आणि मूल रडत असताना दोन्ही होतं. ताई हे कसं जमवतात ते शिक, त्यांना शिकवायला जाऊ नकोस. त्यांच्या नोंदवहीत तुझ्या वर्गातल्या पाठ्यपुस्तकाची निम्मी सामुदायिक पोषणाची प्रकरणं आहेत. आणि नागपूरला परतलीस की पहिल्याच आठवड्यात बायोकेमिस्ट्रीचा परीक्षा अर्ज कधी भरायचा ते विचारून घे. ती तारीख चुकली तर पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागेल.